परसांतील चार गोष्टी : सुगंधी लिलीचे कांदे

वैशाख संपत आला कीं आमच्या टपालांत फुलझाडांविषयींचीं पत्रें वाढूं लागतात. पाऊस जवळ आल्याची चाहूल लागते आणि वर्षभर विसरलेलें परस एकाएकीं आठवतें. ह्या महिन्यांतील पत्रांपैकीं एकाचें उत्तर आम्ही सर्वांदेखत देणार आहों; कारण पत्र जरी एका घरचें असलें तरी त्यांतील अडचण आज पुष्कळ घरांची आहे.

भोरच्या एक भगिनी लिहितात, त्याचा आशय असा : "आमचा वाडा जुना. येत्या दिवाळीनंतर तो उतरवावयाचा ठरला असून तिघे बंधु निरनिराळ्या सदनिकांत राहावयास जाणार आहेत. सासूबाईंचें वय एक्याऐंशी. भांड्याकुंड्यांविषयीं किंवा दागिन्यांविषयीं त्यांनीं अवाक्षर काढलें नाहीं. परंतु विहिरीजवळच्या पांढऱ्या लिलीचे कांदे बरोबर घेतल्यावांचून मी येथून हलणार नाहीं, असें त्या म्हणतात. तीन वर्षांपूर्वीं त्यांतील कांहीं कांदे पुण्यास थोरल्या मुलाच्या सज्ज्यांत मोठ्या कुंडींत लाविले. पानें तरारून आलीं, पण आजवर फूल म्हणून नाहीं. तेव्हां हे कांदे वाड्याबाहेर फुलतील काय? धाकटा मुलगा म्हणतो, रायरेश्वराकडील पठारावर अशींच फुलें येतात, पहिल्या पावसांत जाऊन चार कांदे उपटून आणतों, आजीला काय कळतें! तसें करावें काय?"

प्रथम उत्तर सांगतों, मग कारणें. कांदे वाड्याबाहेर जगतील, आणि नीट लाविले तर फुलतीलहि. मात्र पठारावरचे कांदे उपटूं नयेत. पहिली गोष्ट आम्ही अनुभवानें सांगतों आणि दुसरीहि अनुभवानेंच सांगतों. दुसरा अनुभव आम्हांस फारसा भूषणावह नाहीं, तो शेवटीं येईल.

'लिली' ह्या एका शब्दाखालीं आपण तीन निरनिराळ्या वनस्पती एकत्र करितों, आणि निम्मी फजिती तेथेंच होते. विहिरीजवळची जी पांढरी लिली, तिला बागवान लोक 'स्पायडर लिली' म्हणतात. एका दांड्याच्या टोंकाशीं फुलांचा झुबका येतो. प्रत्येक फुलास कोळ्याच्या पायांसारख्या सहा अरुंद, लांब पाकळ्या असतात, आणि मध्यें पातळ पांढऱ्या पडद्याचा एक पेला असतो. ह्या पेल्याच्या कांठावरून सहा केसर वर आलेले दिसतात. हिचें शास्त्रीय नांव हायमेनोकॅलिस. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ 'सुंदर पडदा' असा होतो, आणि तो त्या पेल्यावरूनच पडला आहे. हिचें मूळ घर मेक्सिको, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग हें होय. म्हणजे आपल्या वाड्यांत ही पाहुणी म्हणून आली आणि घरचीच होऊन बसली.

दुसरी वनस्पति म्हणजे नागदवणा आणि त्याचे भाऊबंद, ज्यांतील एकास सुदर्शन म्हणतात. शास्त्रज्ञ ह्या गणास क्रायनम म्हणतात. नागदवण्याचीं पानें हातभर लांब व रुंद असतात, कांदा मोठा असतो, आणि फुलाच्या मध्यें पेला नसतो; केसर सुटे असतात. ही खूण ध्यानांत ठेवावी : पेला असेल तर नागदवणा नव्हे. 'नागदमन' ह्या संस्कृत नांवावरून नागदवणा हा शब्द आला, आणि झाड दारांत असलें कीं साप येत नाहीं, अशी समजूत त्याबरोबर आली. आमच्या शेजारीं नागदवण्याच्याच आळ्यांत धामण निघाली होती, एवढें नमूद करून पुढें जातों.

तिसरी वनस्पति आपल्या सह्याद्रीची आहे. मृगाच्या पहिल्या पावसानंतर भोर-वेल्ह्याकडील कातळपठारांवर आणि गवती उतारांवर, गवत अजून बोटभरहि वाढलें नसतां, जमिनीलगत लहान पांढरीं फुलें उमलतात. त्यांनाहि मध्यें पेला असतो आणि गंधहि असतो. ह्या गणास पँक्रॅशियम म्हणतात. त्यांतील आपल्या डोंगरांतील लहान जातीचें वर्णन प्रथम डॅलझेल ह्यांनीं केलें. ह्यांनींच गिब्सन ह्यांच्यासह १८६१ सालीं 'बॉम्बे फ्लोरा' हा मुंबई इलाख्यांतील वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पत्रांतील चिरंजीवांना 'अशींच फुलें' दिसलीं तीं हीं असावींत. सारखेपणा खरा आहे. पण विहिरीजवळची लिली बारमास हिरवी राहते, आणि पठारावरची ही पावसाळा सरतांच पानें टाकून सात-आठ महिने मातीखालीं निजून राहते. ह्या एका भेदांत दोघींची सर्व जोपासना आली.

आतां पुण्याच्या कुंडींत फूल कां आलें नाहीं, तें पाहूं. सज्जा आम्हीं पाहिलेला नाहीं. परंतु पानें तरारून येणें आणि फूल न येणें ह्यांचीं कारणें बहुधा चार असतात, आणि पुष्कळदां चारहि एकत्र नांदत असतात.

पहिलें कारण सांवली. ही लिली सांवलींत मरत नाहीं, म्हणून लोकांस वाटतें कीं तिला सांवली आवडते. फुलण्यासाठीं तिला दिवसांतून निदान चार-पांच तास ऊन पाहिजे. सकाळचें ऊन उत्तम; चैत्र-वैशाखांतील दुपारचें ऊन आडोशानें चुकविलें तर पानें करपत नाहींत. दुसरें कारण कुंडीचा आकार. आपण प्रेमानें मोठी कुंडी देतों; कांदा तिच्यांत मुळें पसरण्यांत आणि पिलें घालण्यांतच दोन-तीन वर्षें घालवितो. ही लिली दाटींत अधिक फुलते. वाड्यांत ती विहिरीच्या कठड्याला खेटून वर्षानुवर्षें दाटलेली होती, हें विसरूं नये. तिसरें कारण खत. ताजें शेण किंवा युरिया घातल्यानें पानांचा डौल वाढतो, दांडा येत नाहीं, आणि ताज्या शेणानें कांदा कुजण्याचें भय तें वेगळेंच. चौथें कारण लहान कांदे. वाटणी करितांना मोठा कांदा मूळ जागीं ठेवून कडेचीं पिलें देण्याची आपली रीत आहे. पिलांस फुलण्याजोगें वय येईपर्यंत दोन-तीन वर्षें लागतातच. तेव्हां पुण्यांतील चिरंजीवांनीं निराश होण्याचें कारण नाहीं. कदाचित् त्यांचें फूल यंदाच येईल.

लावण्याची रीत आम्ही वापरतों ती अशी. कुंडी वीत-सव्वा वीत रुंद असावी आणि तिच्या तळाचें भोक खापरीच्या तुकड्यानें झांकावें. दोन भाग चांगली माती, एक भाग पुरें कुजलेलें शेणखत किंवा पालापाचोळ्याचें खत, आणि एक भाग नदीची जाड वाळू असें मिश्रण करावें. अशा कुंडींत दोन किंवा तीन मोठे कांदे लावावे. कांदा सगळा मातींत असावा, पण त्याची मान मातीच्या पातळीशीं यावी; मान पुरली गेली तर फूल लांबतें. जमिनींत लावावयाचे असतील तर दोन कांद्यांत हातभर अंतर सोडावें. लाविल्यावर एकदां भरपूर पाणी द्यावें, आणि नवी पालवी दिसेपर्यंत माती नुसती ओलसर ठेवावी. पुढें मात्र हिला पाण्याची हयगय चालत नाहीं. पावसाळ्यांत कांहीं काळ पाणी सांचलें तरी ती सोसते; विहिरीच्या सांडपाण्यावर ती कां माजली होती, तें ह्यावरून कळेल. हिवाळ्यांत आठवड्यांतून दोनदां आणि उन्हाळ्यांत एक दिवसाआड पाणी पुरतें.

येथें एक इशारा देतों. थंड देशांत लिहिलेल्या पुस्तकांत, आणि त्यांवरून उतरविलेल्या माहितींत, हिवाळ्यापूर्वीं कांदे खणून काढावे, वाळवावे आणि पेटींत ठेवावे, असें सांगितलेलें असतें. तें त्यांच्या बर्फासाठीं आहे. आपल्या उष्ण हवेंत बारमास हिरव्या लिलीस असें खणून वाळविणें म्हणजे चालत्या माणसाला विनाकारण अंथरुणावर निजविणें होय. तसेंच 'इस्मीन' नांवानें पाकिटांतून मिळणारे कांदे ह्याच कुळांतले असले तरी ते अँडीज डोंगरांतले. त्यांना थंड विश्रांति लागते. ते आपल्याकडे पहिल्या वर्षीं फुलून पुढें बहुधा रुसून बसतात. ज्यांना ह्या उष्ण प्रदेशांत खात्रीचें फूल पाहिजे, त्यांनीं शेजारच्या जुन्या परसांतील कांदा मागून आणावा. तो येथील हवेंत सिद्ध झालेला असतो.

भोर आणि वेल्हे हे शेजारी असले तरी दोहोंकडील पाऊस सारखा नाहीं. (वेल्हे तालुक्यास राजगड असें नांव देण्याचें राज्य मंत्रिमंडळानें २०२४ सालीं ठरविलें; आमच्या जिभेवर अजून वेल्हेंच आहे.) तोरण्याच्या बाजूस मुसळधार पावसांत कुंडी उतारावर किंवा विटांवर ठेवावी, म्हणजे पाणी वाहून जातें. इकडे नसरापूर-कापूरहोळच्या बाजूस पाऊस बराच उणा. तेथें कुंडी उघड्यावर ठेविली तरी चालते, पण मधल्या उघडिपींत पाणी घालावें लागतें.

पावसाळ्यांत पानांवर काळ्या अंगाच्या, पांढऱ्या व तांबड्या ठिपक्यांच्या अळ्या पडतात. लिलीवर्गाच्या झाडांवर जगणाऱ्या एका पतंगाचीं हीं बाळें. दोन रात्रींत तीं पानाची शीर तेवढी ठेवितात. सकाळीं लवकर पानांच्या बेचक्यांत पाहावें, चिमट्यानें वेंचून साबणाच्या पाण्यांत टाकावीं, आणि आठवड्यांतून एकदां कडुनिंबाच्या तेलाचें पातळ मिश्रण शिंपडावें. पानांवर तांबडे चट्टे दिसले तर तें पान कापून दूर टाकावें आणि पाणी पानांवर न घालतां बुडाशीं घालावें. दुसरें औषध आम्हांस कधीं लागलें नाहीं.

एक गोष्ट मात्र मोठ्या अक्षरांत वाचावी. ह्या तिन्ही वनस्पतींचे कांदे विषारी आहेत. त्यांत लायकोरीन नांवाचें द्रव्य असतें. कांदा पोटांत गेला तर ओकाऱ्या आणि जुलाब होतात. खणलेला कांदा हुबेहूब भाजीच्या कांद्यासारखा दिसतो. म्हणून वाडा हलवितांना, सामानाच्या गर्दींत, हे कांदे स्वयंपाकघराच्या पाटींत किंवा पिशवींत कदापि ठेवूं नयेत. वेगळ्या टोपलींत, मातीसकट ठेवावे आणि घरांतील मुलांस व कामाच्या बाईस दाखवून ठेवावे. हाताळल्यावर हात धुवावे. कोणाच्या कातडीला खाज सुटते. गुरांच्या तोंडाशींहि हीं पानें येऊं देऊं नयेत.

आतां स्थलांतराचा मुहूर्त. भगिनींनीं दिवाळीपर्यंत थांबूं नये, असें आम्ही आग्रहानें सांगूं. वाडा उतरविण्याच्या धांदलींत पहिला घाव विहिरीजवळच पडतो, आणि तेव्हां कांद्यांची आठवण कोणास राहत नाहीं. ज्येष्ठाच्या आरंभीं, पाऊस लागण्यापूर्वीं, निम्मा गड्डा काढावा. गड्ड्याच्या भोंवतीं वीतभर अंतरावरून फावडें खोल घालावें, म्हणजे मुळें तुटत नाहींत. कांदे हातानें सुटे करावे, कोयत्यानें तोडूं नयेत. लांब पानें अर्ध्यावर कापावींत. तिघां बंधूंच्या तीन कुंड्या कराव्या, आणि प्रत्येकींत एक तरी मोठा कांदा घालावा. पिलें वाटून मोठा कांदा एकट्यानें ठेवूं नये. उरलेला निम्मा गड्डा श्रावण-भाद्रपदांत वाड्यांतच एकदां फुलूं द्यावा आणि मग दिवाळीपूर्वीं काढावा. एका खेपेंत चूक झाली तरी दुसरी खेप हातीं राहते.

फूल संध्याकाळीं उमलतें आणि गंध दिवेलागणीनंतर चढत जातो. लांब सोंडेचे निशाचर पतंग परागवहन करितात. त्यांना अंधारांत वाट सांपडावी म्हणून पांढरा रंग आणि हा गंध. एक फूल एक-दोन दिवसच टिकतें, पण एका दांड्यावर तीं एकामागून एक उमलत जातात. संस्कृत व्याकरणांत एक मार्मिक भेद आहे : ज्याचा गंध अंगभूत आहे तें 'सुगंधि', शेवटीं इकार, आणि ज्याला गंध बाहेरून लागलेला आहे, जसा अत्तर विकणारा, तो 'सुगंध'. आमच्या वर्गांत हा नियम मुलांच्या डोक्यांत शिरत नसे. एकदां आम्हीं ह्या लिलीचा दांडा टेबलावर आणून ठेविला, आणि मग शिरला.

पुष्कळ घरांतून विचारणा होते कीं हें परदेशी फूल देवास चालतें काय. आमच्या मातोश्रींनीं प्रथम नाहीं म्हटलें होतें. त्या दिवशीं एकादशी होती. ताटांत बटाट्याची भाजी आणि साबूदाण्याची खिचडी होती. बटाटा अमेरिकेंतला, आणि साबूदाणा ज्या कंदापासून करितात तोहि तिकडचाच, हें आम्हीं हळूच निवेदन केलें. मातोश्रींनीं आमच्याकडे नुसतें पाहिलें. दुसऱ्या दिवशीं शंकराच्या पिंडीवर लिलीचीं दोन फुलें होतीं, आणि त्या विषयावर घरांत पुन्हां बोलणें झालें नाहीं.

आतां तो दुसरा अनुभव. नोकरीच्या आरंभीं आम्ही वेल्ह्याकडील एका शाळेंत होतों. ज्येष्ठांतील एका रविवारीं तोरण्याच्या अलीकडच्या पठारावर गेलों, तों कातळाच्या खांचांतून तीं लहान पांढरीं फुलें उमललेलीं दिसलीं. आम्हांस मोह झाला. खुरप्यानें आठ कांदे काढिले, हातरुमालांत बांधिले आणि भोरच्या घरीं आणून विहिरीजवळ, त्या दुसऱ्या लिलीच्या शेजारीं, लाविले. आश्विनांत त्यांचीं पानें पिवळीं पडूं लागलीं. आम्हांस वाटलें, तहान लागली. सकाळ-संध्याकाळ पाणी घालूं लागलों. पानें गेलीं, तरी आम्ही हटलों नाहीं. हिवाळाभर पाणी चालू ठेविलें. फाल्गुनांत उकरून पाहिलें, तों आठांपैकीं एकहि कांदा उरला नव्हता. हाताला लागला तो नुसता चिखल आणि कुबट वास. मातोश्री ओट्यावर होत्या. त्यांनीं एवढेंच विचारलें, "तिकडे डोंगरावर ह्यांना पाणी कोण घालीत होतें रे?"

त्याच वर्षीं पावसाच्या आरंभीं आम्ही पुन्हां त्या पठारावर गेलों. मनांत असें होतें कीं दुसरे कांदे आणावे आणि ह्या खेपेस शहाणपणानें वागावें. कांदे काढिले होते ती जागा लगेच ओळखतां आली, कारण तेवढीच रिकामी होती. भोंवतालच्या खांचांत फुलें होतीं. आमच्या आठ खड्ड्यांत नव्हतीं. बोटभर मातीची ती खांच भरावयास किती पावसाळे लागले असतील, ह्याचा विचार आम्हीं खुरपें चालवितांना केला नव्हता. आम्ही रिकाम्या हातीं परतलों, आणि पुढें कोणत्याहि पठारावरून कांदा आणिला नाहीं.

ह्या वनस्पती किती अपुऱ्या जागेवर जगतात, ह्याचें एक उदाहरण सांगतों. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या सायन्स कॉलेजांत वनस्पतिशास्त्र शिकविणारे वुड्रो ह्यांच्या नांवानें क्रायनमची एक जात ओळखली जाते. महाबळेश्वराच्या परिसरांतील ही जात पुढें सुमारें शंभर वर्षें कोणाच्या दृष्टीस पडली नाहीं; चालू शतकाच्या आरंभीं ती केट्स पॉइंटाजवळ पुन्हां सांपडली. अशा वनस्पतीच्या नशिबांत एखादा हौशी मास्तर खुरपें घेऊन आला असता, तर पुन्हां सांपडण्यास कांहीं उरलें नसतें. शिवाय राखीव जंगलांतून परवानगीवांचून कोणतीहि वनस्पति काढणें हा १९२७ च्या वन अधिनियमाप्रमाणें गुन्हा आहे, हेंहि चिरंजीवांनीं ध्यानांत घ्यावें.

आणि आजीला कळत नाहीं, हेंहि खरें नव्हे. ज्या बाईनें पन्नास-साठ वर्षें विहिरीवरून पाणी आणतांना एकच झाड पाहिलें आहे, तिला पानाच्या रुंदीवरून, दांड्याच्या उंचीवरून, अंधारांतहि गंधावरून भेद कळेल. ती कदाचित् बोलणार नाहीं, नातवाचें मन राखील. परंतु फसवणूक तिला समजलेली असेल. चिरंजीवांना आमचें सांगणें असें : मृगांत पठारावर अवश्य जावें, फुलें पाहावीं, छायाचित्र काढून आजीस दाखवावें, आणि फावडें न्यावयाचें तें आपल्याच वाड्याच्या विहिरीजवळ न्यावें. तेथील गड्डा काढण्याचें काम आजीच्या सुनांनीं करण्यापेक्षां नातवानें केलें तर तिला अधिक बरें वाटेल. आजीस खुर्ची टाकून जवळ बसवावें. कोणता कांदा मोठा आणि कोणता कोणाच्या कुंडींत, हें तिनें सांगावें.

नव्या घरीं कुंडी ठेवितांना ऊन पाहावें, हें वर सांगितलेंच. पण संध्याकाळीं आजी जेथें जप करावयास बसतील, तेथून ती हाताच्या अंतरावर असावी. गंध उंच मजल्यावरहि दिवेलागणीलाच येतो. यंदा फूल न आल्यास भगिनींनीं घाबरूं नये. हललेला कांदा एखादें वर्ष घेतो. आल्यास आम्हांस दोन ओळी अवश्य लिहाव्या.

पुढील महिन्यांत तुळशीचीं रोपें पावसांत कां मरतात, ह्याचा विचार करूं.